कासाब्लांकातील हबूस वस्ती खरोखर जुनी आहे का?

प्रश्न : छायाचित्रांत या वस्तीच्या दगडी कमानी आणि अरुंद गल्ल्या मध्ययुगीन वाटतात; परंतु ती फ्रेंचांनी वसवल्याचे वाचनात आले. तसे असेल, तर परकीय राजवटीने जुन्या धाटणीची वस्ती का बांधली, आणि तिचे नवेपण ओळखावे कसे?

प्रतिसाद १ : आपण वाचलेले बरोबर आहे. १९१२ मध्ये मोरोक्को फ्रेंच संरक्षणाखाली गेल्यावर तेथील फ्रान्सचा सर्वोच्च अधिकारी (रेसिडेंट-जनरल) ल्योते याने युरोपीय व स्थानिक वस्त्या वेगळ्या ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि नगररचनाकार आंरी प्रोस्त याने त्यानुसार शहराचा आराखडा केला. बंदराच्या कामामुळे खेड्यांतून माणसांचा ओघ सुरू होता व जुनी मदिना, म्हणजे तटबंदीतील जुने शहर, त्यांना अपुरी पडत होती. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही 'नवी मदिना' उभी राहू लागली. आरंभीची रचना वास्तुविशारद आल्बेर लाप्राद याची असून पुढचे काम ओगुस्त कादे आणि एदमों ब्रियों यांनी अनेक वर्षे चालवले.

प्रतिसाद २ : नावातच थोडा इतिहास आहे. आपण ज्याला वक्फ म्हणतो, त्याला उत्तर आफ्रिकेत हबूस म्हणतात आणि ही वस्ती त्याच धर्मादाय व्यवस्थेमार्फत बांधली गेली. गंमत अशी की, त्यासाठी जमीन दिली ती हाइम बेंदहान या ज्यू व्यापाऱ्याने.

नवेपण ओळखायचे तर नकाशा पाहावा. जुनी मदिना घराला घर जोडत वाढते. येथे मशीद, हमाम (सार्वजनिक स्नानगृह), पावाची भट्टी आणि बाजार यांच्या जागा आधीच कागदावर ठरल्या होत्या. गल्ल्यांची वळणेसुद्धा मुद्दाम आखलेली आहेत. घरे मात्र परंपरेप्रमाणे आतल्या चौकाकडे तोंड करून आहेत, रस्त्याकडील भिंतींना खिडक्या कमी आहेत, आणि दारातून थेट चौक दिसू नये म्हणून प्रवेशमार्गाला वळण दिले आहे.

प्रतिसाद ३ : वरील माहिती मान्य आहे, पण या परंपराप्रेमाला केवळ सौजन्य समजू नये. स्थानिकांना 'त्यांच्या पद्धतीची' घरे देणे म्हणजे त्यांना युरोपीय शहराबाहेर ठेवणेही होते. शिवाय ही घरे गरजेच्या मानाने फारच थोडी होती, त्यामुळे पत्र्याच्या झोपड्या वाढतच गेल्या. अशा वस्तीसाठी फ्रेंचमध्ये रूढ झालेला 'बिदोंव्हिल' हा शब्द याच शहराशी जोडला जातो. कारागिरी मात्र अस्सल आहे : कादेनेच आखलेल्या 'महकमा दु पाशा' या न्यायालयाच्या इमारतीतील कोरीव देवदार, गिलाव्यातील नक्षी आणि झेलीज (रंगीत तुकड्यांचे) फरशीकाम मोरोक्कन कारागिरांच्या हातचे आहे.