एचिंगसाठी काळी शाई कुठली घेऊ? ऑफसेटची इंक वापरून वैतागलेय

जस्ताची_पाटी:
नमस्कार मंडळी, कॉलेज संपून चार वर्षं झाली, आता पुण्यात मी आणि मैत्रिणीने मिळून एक छोटी एचिंग प्रेस (धातूच्या पाटीवर ॲसिडने कोरलेल्या खाचांत शाई भरून कागदावर छापायचं यंत्र) घेतलीये, तिच्या घरी खालच्या खोलीत ठेवलीये. झिंकच्या प्लेट, ६ बाय ८ इंचाच्या, बहुतेक रेषा आणि थोडं ॲक्वाटिंट (पाटीवर बारीक दाणे पाडून काढलेली सपाट छटा). शाई मात्र ओळखीच्या छापखान्यातून आणलेली ऑफसेटची काळी. ती पुसायला घेतली की प्लेटला चिकटूनच बसते, जोर लावला की रेषेतली पण निघून येते, मग प्रूफ (चाचणीचा छाप) करडं येतं आणि दोनदा तर कागदाचे तंतूच उपटून प्लेटवर राहिले. परत साफ करायला रॉकेल, आणि मैत्रिणीच्या आईंना दमा आहे त्यामुळे ते बंदच करायचंय. नीट एचिंगची शाई घ्यायची ठरवलीये पण एकच डबा किंवा ट्यूब परवडेल. पाण्याने धुता येणाऱ्या शाया खरंच चालतात का? काळ्याचे पण पाच-सहा प्रकार दिसतायत, त्यात फरक काय?

खळीची_मलमल:
ताई, तुमचा हात चुकत नाहीये, शाईच वेगळ्या कामाची आहे. ऑफसेटची इंक रबरी ब्लँकेटवरून कागदावर अगदी पातळ थर द्यायला बनवलेली असते, म्हणून ती मुद्दाम चिकट ठेवतात आणि लवकर सुकावी म्हणून त्यात ड्रायर (सुकवणारं द्रव्य) असतो. आपल्याला उलटं हवं, खाचेत गच्च बसेल पण वरच्या सपाट भागावरून सहज पुसली जाईल अशी. एचिंगच्या शाईत रंगद्रव्य भरपूर आणि तेल म्हणजे शिजवून दाट केलेलं जवसाचं तेल, त्यालाच प्लेट ऑइल म्हणतात.
काळ्याचं म्हणाल तर मुख्य दोन घराणी समजा. एक बोन ब्लॅक, हाडांच्या कोळशाचा, कण जाडसर त्यामुळे स्वच्छ पुसला जातो आणि रेषा कोरडी खणखणीत येते. दुसरा काजळीचा म्हणजे लॅम्प ब्लॅक किंवा कार्बन ब्लॅक, कण फार बारीक, तेलकट, गडद येतो पण प्लेटवर धूसर थर मागे ठेवतो. ज्यांना तो प्लेट टोन आवडतो ते मुद्दाम हाच घेतात. तयार ट्यूबमध्ये बरेचदा दोन्हीचं मिश्रण असतं. तुमच्या रेषांना मी बोन ब्लॅककडे झुकणारा घ्या म्हणेन.
आणि पुसायला जुनी मऊ ओढणी वगैरे वापरत असाल तर आजच थांबवा, मऊ कापड खाचेत शिरून शाई उचलतं. बाइंडिंगवाल्यांकडे खळ लावलेली जाळीदार मलमल मिळते ती घ्या, हातात चुरगळून थोडी मऊ करा, गोल सपाट बोळा करा आणि गोलाकार फिरवत हलक्या हाताने पुसा. शेवटी तळव्याला किंचित फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) लावून हात सपाट ओढायचा, बोटं नाही.

ओला_कागद:
पाण्याने धुता येणाऱ्या शाया चालतात, मी तीन वर्षं त्याच वापरतेय, घरात लहान मूल आहे म्हणून. पण त्यातही दोन वेगळ्या जाती आहेत आणि इथेच लोक फसतात. शार्बोनेलची ॲक्वा वॉश आणि क्रॅनफिल्डची केलिगो सेफ वॉश या तेलाच्याच शाया आहेत, फक्त तेलात बदल केलाय म्हणून साबण-पाण्याने निघतात. सुकायची पद्धत तीच, हवेशी संयोग होऊन. केलिगोत रिलीफची (लाकूड-लिनोच्या उंचवट्यांवरून छापायची) वेगळी आणि एचिंगची वेगळी येते, ऑर्डर करताना नीट बघा, मी पहिल्यांदा रिलीफची मागवून बसले होते.
आकुआ इंटॅग्लिओ मात्र सोयाबीनवर आधारलेली, ती कागदात मुरून सुकते. प्लेटवर तासभर राहिली तरी सुकत नाही ही मोठी सोय, पण जास्त साइझिंग (कागदाची खळ) असलेल्या कागदावर कित्येक दिवस हाताला लागते. ती बरीच सैल असते, कमी लावायची आणि कागद नेहमीपेक्षा कमी ओला ठेवायचा. आकुआचीच लिक्विड पिगमेंट नावाची वेगळी शाई आहे, ती मोनोटाइपसाठी (पाटीवर रंगवून एकच छाप काढायला), ती घेऊ नका.
तुमच्या घरी दमा आहे तर माझं मत सरळ ॲक्वा वॉश, ६० मिलीची ट्यूब. या मापाच्या प्लेटांना ती बरेच दिवस पुरते.

वरळी_छाप:
वरच्याशी थोडा असहमत. दाट ॲक्वाटिंटमध्ये मला अजून जुन्या पद्धतीच्या तेलाच्या शाईइतका मखमली काळा धुण्याजोग्या शाईत मिळालेला नाही. आणि रॉकेल टाळायला शाई बदलायची गरज नाही, स्वयंपाकाचं कुठलंही तेल प्लेटवर ओता, चिंधीने शाई सोडवा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. वास शून्य. फक्त एक फार महत्त्वाचं, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. खालच्या बंद खोलीत तर नक्कीच.
दुसरं, परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून प्लेट हॉटप्लेटवर गरम करू नका. त्यांच्याकडे थंडीत शाई दगड होते म्हणून ते करतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शाई आधीच सैल पडते, तेव्हा उलट चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटून घट्ट करावी लागते. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात घट्ट वाटली तर प्लेट ऑइलचा थेंबभर. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, काळ्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) मिसळला की लवकर सुकते आणि काळा जरा उबदार होतो.
पुढे रंगात गेलात तर लक्षात ठेवा, झिंकवर पिवळा घासला की हिरवट मळकट होतो, पांढरा करडा. तो धातूचा परिणाम आहे, शाई खराब नसते. शाईचा हा चिकटपणा आणि सैलपणा पुढे कामालाही येतो बरं, पॅरिसच्या अतेलिए १७ या छापचित्रांच्या स्टुडिओत चित्रकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कायको मोती यांनी वेगवेगळ्या तेलाच्या प्रमाणाच्या शाया एकाच प्लेटवर कडक आणि मऊ रोलरने चढवून एका दाबात अनेक रंग काढले, त्यालाच व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात. शाई किती सैल आहे यावरच तो सगळा खेळ आहे.

जस्ताची_पाटी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मी खरंच मऊ ओढणीच वापरत होते 🙏 काल अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडिंगवाल्याकडून जाळीची मलमल आणली आणि ऑफसेटच्याच शाईत प्लेट ऑइलचे दोन थेंब आणि थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट घोटून बघितलं. चिकटपणा पुष्कळ कमी झाला, कागद उपटला नाही, रेषा पहिल्यांदा काळ्या दिसल्या! ॲक्वाटिंट अजून करडंच आहे. ॲक्वा वॉशची एक ट्यूब मागवतेय. डब्याला साय धरू नये म्हणून काय करता?

खळीची_मलमल:
डब्यात वरचा भाग पॅलेट नाइफने सपाट करा, त्यावर बटर पेपर कापून चिकटवून ठेवा, हवा राहू देऊ नका. आणि शाई काढताना मधे खड्डा पाडायचा नाही, वरून सपाट खरवडायची. ट्यूब असेल तर हा प्रश्नच येत नाही, नवख्याने ट्यूबच घ्यावी. ॲक्वाटिंट करडं येतंय तर शाईआधी प्लेट भिंगातून बघा, दाणे झिजले असतील तर कुठलीही शाई टिकणार नाही.