विषय: पार्किन्सन्स आणि मेंदूदान, कोणी फॉर्म भरलाय का?

नमस्कार मंडळी,
बाबांना पार्किन्सन्स आहे हे बऱ्याच जणांना माहितीये. परवा त्यांनी स्वतःच विषय काढला, म्हणे मी गेल्यावर माझा मेंदू रिसर्चला द्या. ऑर्गन डोनेशनच्या कार्डावर त्यांची आधीच सही आहे, तर तेवढं पुरतं का वेगळं काही करावं लागतं? आणि आई विचारतेय की नंतर चेहरा बघता येतो का. कोणाला माहिती असेल तर प्लीज लिहा, लिस्टवर नको वाटलं तर पर्सनल मेल करा.

---

ताई,
लिस्टवरच लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी निवृत्त होईपर्यंत पॅथॉलॉजीतच होतो. ऑर्गन डोनेशनच्या कार्डाचा इथे उपयोग नाही, ते प्रत्यारोपणासाठी असतं. मेंदूसाठी ब्रेन बँकेकडे (संशोधनासाठी मेंदू जपून ठेवणारी संस्था) वेगळी नोंदणी करायची, आणि ती बाबा स्वतः सही करू शकतायत तोवर केलेली बरी. देहदानाचा विचार असेल तर आधी त्या मेडिकल कॉलेजला विचारा, मेंदू काढलेला देह बरेच ठिकाणी घेत नाहीत.
आईंना सांगा चेहऱ्याला काही होत नाही. छेद डोक्याच्या मागच्या बाजूला केसांत घेतात, नंतर नीट शिवतात, अंत्यदर्शन नेहमीसारखं होतं.
खरी अडचण वेळेची. साधारण २४ ते ४८ तासांत मेंदू काढावा लागतो, जितका उशीर तितकं आतलं आरएनए वगैरे खराब होत जातं. त्यामुळे बँकेला पहिला फोन कोण करणार हे आत्ताच ठरवा आणि नंबर फ्रीजवर लावा. सही करून फाईल कपाटात गेली आणि मुलांना पत्ताच नाही, असं झालं की दान राहून जातं.
– काका

---

काका, एक शंका, रागावू नका. आता एवढे एमआरआय आहेत, उंदरांवर प्रयोग चालतात, मग माणसाचा मेंदू अजून कशाला लागतो? मला हे उगीच भावनिक करून मागितल्यासारखं वाटतं.
– खजिनदार

---

खजिनदारसाहेब, रागावतो कशाला, बरोबर प्रश्न आहे. पण उंदराला आपणहून पार्किन्सन्स होत नाही, तो आपण त्याच्यात घडवतो, आणि पेशींतल्या लुई बॉडीज, म्हणजे या आजारात मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या बारीक गाठी, नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी आली कुठून ते बघा, १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिविक्झ यांनी मृत पेशंटांचे मेंदू घेऊन त्यात डोपामिन (पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) मोजलं, शेजारी हा आजार नसलेल्यांचे मेंदू मोजले, तेव्हा कळलं की पार्किन्सन्समध्ये ते किती घटलेलं असतं, आणि पुढच्याच वर्षी पेशंटांना लेव्होडोपा, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं, ते देऊन पाहिलं. लुई बॉडीज अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या बनलेल्या असतात हेही १९९७ मध्ये दान केलेल्या मेंदूतच दिसलं.
मला सगळ्यात चकित केलं ते २००८ च्या पेपरांनी. काही पेशंटांच्या मेंदूत नव्या पेशी रोपल्या होत्या, दहा-पंधरा वर्षांनी ते वारले तेव्हा त्या कोवळ्या पेशींतही लुई बॉडीज सापडल्या! म्हणजे आजार जुन्या पेशींतून नव्यांत सरकतो की काय, हा प्रश्न तिथून जोर धरून पुढे आला. जिवंत माणसात हे कोण बघणार होतं?
शिवाय निदान. पीएसपी, एमएसए हे आजार सुरुवातीला हुबेहूब पार्किन्सन्ससारखे दिसतात, नक्की काय होतं ते मायक्रोस्कोपखाली ठरतं. बऱ्याच बँका तो रिपोर्ट घरच्यांना मागितला तर देतात, काही महिने लागतात एवढंच.
– काका

---

मला तर काहीच आजार नाही, मग माझा मेंदू कोणाच्या कामाचा? (नवऱ्याचं मत विचारू नका.)

---

वहिनी, तुमचाच जास्त लागतो! तुलनेला कंट्रोल, म्हणजे आजार नसलेल्यांचे मेंदू, हवेत आणि त्यांचीच कायम टंचाई, धडधाकट माणूस नोंदवायला जातच नाही. आणि या बँकांतले दाते बहुतेक गोरे युरोपीय वंशाचे, आपल्यासारख्यांचे मेंदू फारच थोडे, तेव्हा आपल्यात काही जनुकीय फरक असतील तर ते कळणार कसे?
– काका

---

काका, खूप थँक्स. बाबांना सगळं वाचून दाखवलं. हसले, म्हणाले म्हणजे माझ्या डॉक्टरचा निकाल मी गेल्यावर लागणार तर. फॉर्म मागवलाय. आता शेवटचं, भाऊ दुसऱ्या देशात असतो, त्याचीही सही लागेल का?

---

बहुतेक ठिकाणी जवळच्या एकाच नातेवाइकाची संमती घेतात, म्हणजे आई. पण फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा, नियम बँकेगणिक बदलतात. भावाला मात्र आजच फोन करा, ऐन वेळी त्याने नाही म्हटलं तर बँकवाले जबरदस्ती करत नाहीत. आणि खजिनदारसाहेब, तुमचं काय ठरलं?
– काका