मदत हवी आहे: परड्यातला लव्हाळा, आणि मृगाला उरलेले पंधरा दिवस

नमस्कार मंडळी,

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. घरामागं ३० बाय २० फुटांचं परडं आहे, माती काळी आणि भारी. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी तिथं कितीतरी दिवस साचून होतं. शेवगा उन्मळला, पपया कुजल्या. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, ते आमच्याकडं अगदी शब्दशः खरं झालं. २०२१ला पुन्हा पाणी आलं, आणि मग परड्याकडं कुणी वळलंच नाही. आता तिथं लव्हाळा, काँग्रेस गवत आणि धुण्याच्या दगडाला लागून टिकलेला एक कढीपत्ता, एवढंच आहे.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. संध्याकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि कुठं काय होतं ते सांगतात. "त्या भिंतीकडंला गवार, आडाजवळ अळू, मधे दोन वाफे मेथीचे." मी मुंबईत तिसऱ्या मजल्यावर वाढले, मला यातलं काही येत नाही. पण हे परडं पुन्हा पिकतं झालेलं त्यांनी बघावं, असं फार वाटतं.

गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. पहिला चांगला पाऊस झाल्यावर माती मऊ झाली म्हणून माणूस लावून सगळं परडं कुदळून घेतलं. शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण चार घमेली मिसळलं आणि मिरची-वांग्याची वीस रोपं लावली. पंधरा दिवसांत लव्हाळा आधीपेक्षा दाट आला. श्रावणात मिरचीची रोपं एकेक करून माना टाकायला लागली. एक रोप हलकंच ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मूळच नाही. माती उकरली तेव्हा बोटाएवढी जाड, पांढरी, तांबूस डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी निघाली. त्या दिवशी खूप वाईट वाटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ते रोप हातात घेऊन बसल्या.

एका दुकानात विचारलं तर गवतनाशक मारा म्हणाले. पण परड्यातच आड आहे, त्याचं पाणी आम्ही वापरतो. ते मला नको आहे. लव्हाळा दुसऱ्या कशानं जाईल? ती अळी कसली? आणि मृगाला पंधरा दिवस उरलेत, तेवढ्यात काय करून होईल?

प्रतिसाद

गवतनाशक एकदाच मारून मोकळं व्हा. दरवर्षी कंबर मोडून घेण्यापेक्षा बरं.

प्रतिसाद

ताई, मी शिरोळ भागातला, ऊस आणि थोडा भाजीपाला करतो. आडाशेजारी फवारू नका, तुमचा विचार बरोबर आहे.

काम तुम्ही योग्यच केलंत, वेळ चुकली. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीत. ओल्या मातीत कुदळ घातली की माळ तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवीन फुटते. म्हणून दाट झाला. तेच काम आत्ता, कोरड्या मातीत करा. ढेकळं निघू देत, फोडू नका. गाठी वर आल्या की मेच्या उन्हात सुकून मरतात. आपले लोक उन्हाळी नांगरट करतात ती यासाठीच. वळीव येईलसं वाटलं तर त्याआधी दिसतील तेवढ्या गाठी पाटीत वेचून घ्या. खतखड्ड्यात टाकू नका, फरशीवर खडखडीत वाळवून जाळा. पुठ्ठे किंवा प्लॅस्टिक अंथरा असं कुणी सांगेल, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, तो त्यातूनही वर येतो.

एका वर्षात संपणार नाही, हे आधीच सांगतो. मात्र त्याला सावली सोसत नाही. म्हणून अर्ध्या परड्यात यंदा भाजी करू नका, ताग दाट पेरा. तेवढ्या जागेला दीडशे-दोनशे ग्रॅम बी पुरे. साधारण ४५ दिवसांनी फुलावर येताना कापून तिथंच गाडा. लव्हाळा दबतो आणि काळ्या मातीला भुसभुशीतपणा येतो.

अळी म्हणजे हुमणी. ऊसवाल्यांना चांगली ओळखीची. वळवाच्या पावसानंतर तिचे तपकिरी भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि मग मातीत अंडी घालतात. ताजं शेण म्हणजे त्यांना आवतणच. पूर्ण कुजलेलं, हाताला मातीसारखं लागणारं आणि वास न येणारं खतच वापरा. जवळ कडुनिंब असेल तर रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. एक मादी कमी झाली तरी पुढच्या कितीतरी अळ्या कमी.

उरलेल्या अर्ध्यात तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे करा आणि मधे चर ठेवा, पाणी आडाकडं न जाता बाहेर निघेल असा. गवारीला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, ती वाफ्याच्या माथ्यावरच टोका. सोबत भेंडी. अळू मोरीच्या पाण्यावर येईल. मिरची पुढच्या वर्षी.

प्रतिसाद

काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालूनच. माझ्या आईला त्यानं अंगभर पुरळ उठलं होतं. फुलावर न आलेलं गवत खतखड्ड्यात चालतं.

धागाकर्ती

शिरोळचे दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. "भुंगेरे आम्ही कंदिलाखाली परात ठेवून धरायचो," म्हणाल्या. इतके दिवस मी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

काल सकाळी भिंतीकडंनं सुरुवात केली. एक फूट बाय एक फूट जागा खुरप्यानं उकरून गाठी मोजल्या, ४३ निघाल्या. काळ्या, हरभऱ्याएवढ्या, तोडल्या की आत पांढऱ्या आणि कापरासारखा उग्र वास. आज दुपारपर्यंत वरच्या गाठी सुरकुतल्या आहेत. रात्री वळीव झाला तर शेजारच्या कडुनिंबाखाली आम्ही दोघी परात घेऊन जाणार आहोत.

एकच विचारायचं राहिलं. ताग ओळीत पेरायचा की फोकून?

प्रतिसाद

फोकून, ताई. वरून दंताळं हलकं फिरवा, बी मातीआड झालं की बास. आणि गवारीचं बी कुठं टोकायचं ते आजींनाच ठरवू द्या, पाणी कुठं साचतं ते त्यांना माहीत असेल.