मदत हवी आहे : खानदेशातल्या जुन्या आमदारांच्या विकिपीडिया लेखांसाठी संदर्भ

मंडळी, मराठी विकिपीडियावर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या १९६२ ते १९८५ मधल्या आमदारांचे लेख नीट करायचे आहेत. मतांच्या आकड्यांना निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पुरतात. अडतं ते चरित्रापाशी. वाढदिवसाची पुरवणी म्हणजे जाहिरातच, ती धरू नये. गौरवग्रंथातून जन्मतारीख, शिक्षण एवढंच घ्यावं. 'विकासपुरुष' वगैरे विशेषणं मुळीच नकोत. उमेदवाराचं शपथपत्रही त्याचं स्वतःचंच म्हणणं, म्हणून 'शपथपत्रानुसार' असं लिहावं.

नावांचा घोळ तर फारच. प्रतिभाताई पाटील १९६७ ला निवडून आल्या तो मतदारसंघ एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. नव्या यादीत मुक्ताईनगर शोधलं तर तो निकाल हाती लागत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, तरी आधीच्या आमदारांपुढे तोच जिल्हा लावलेला दिसतो.

विचारायचं असं : त्या काळच्या स्थानिक दैनिकांच्या बांधीव फायली जळगाव-धुळ्याच्या कोणत्या वाचनालयात बघायला मिळतात? फोटो काढू देतात का? कात्रण असेल तर दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांकासह कळवा. तारखेविना कात्रण संदर्भाला चालत नाही.