ठसा राहतो, मधली संध्याकाळ मोकळी हवी
एकाच आठवड्यात चित्रपट, नाटक, मैफल आणि कादंबरी असे सारे घेतले तर कशाचाच ठसा मनावर राहत नाही, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. गेल्या महिन्यात सोमवारी चित्रपट पाहिला आणि बुधवारी नाटकाला गेलो. चित्रपटात सेकंदाला साधारण २४ चौकटी पडद्यावरून सरकतात आणि प्रत्येक चौकटीत काय दिसावे, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवलेले असते. नाटकात ती निवड आपल्याकडे येते. नायक पुढे येऊन स्वगत म्हणत होता, तेव्हा माझे लक्ष मागे खुर्चीवर बसलेल्या, एकही वाक्य वाट्याला न आलेल्या म्हातारीकडे होते. ती शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, आणि स्वगतातल्या एका शब्दाशी तिचे बोट थांबले. दोनच दिवसांपूर्वी चित्रपट पाहिलेला नसता, तर हे स्वातंत्र्य मला इतके ठळकपणे जाणवले नसते.

मात्र दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक संध्याकाळ मी पूर्ण मोकळी ठेवतो. एकदा सलग चार दिवस कार्यक्रम ठरवले होते, तेव्हा मात्र अगदी तसेच झाले, कशाचाच ठसा मनावर राहिला नाही.