विषय: केनियाला मेडिकल मिशन ट्रिप, कोणी गेलंय का?

प्रेषक: रुवीची डेंटिस्ट

नमस्कार मंडळी, आपल्या मस्कतच्या मराठी मंडळाच्या लिस्टवर गणपतीच्या वर्गणीच्या मेल चालू असताना मध्येच हे टाकतेय, माफ करा. आमच्या चर्चची एक छोटी टीम ऑगस्टमध्ये दहा दिवस पश्चिम केनियाला चाललीय, तिथल्या मिशन हॉस्पिटलबरोबर गावागावात कॅम्प घ्यायला. दातांचं मी बघणार. पहिल्यांदाच जातेय. जुलैत सासरी ठाण्याला येणार आहे तेव्हा काय खरेदी करायची असेल ती तिथेच करून घेईन, यादी द्या कोणीतरी. आणि एक मनातलं विचारते, दहा दिवसांत आपण खरंच कोणाच्या उपयोगी पडतो का हो? की आपल्यालाच बरं वाटावं म्हणून जातो? रात्री झोपताना हाच विचार येतो.

प्रेषक: चरईची ताई, ठाणे

अगं किती बरं वाटलं तुझा मेल बघून. मस्कत सोडून ठाण्याला परत येऊन आता सहा वर्षं झाली पण लिस्टवरचं सगळं वाचते मी, लिहीत नाही एवढंच. मी दोनदा गेलेय केनियाला, आमच्या इथल्या चर्चच्या ग्रुपबरोबर, नर्स म्हणून, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रं. यलो फीव्हरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यायलाच हवी, ते पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं (२०१६ पासून), पण ते जवळ नसेल आणि येताना मुंबईला उतरलीस तर ६ दिवस क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारून, व्हिक्टोरिया तलावाच्या बाजूला मलेरिया खूप आहे. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, मलेरियाचीच एक गोळी) घेतलीस तर परत आल्यावर पण ४ आठवडे घ्यायची असते आणि नेमकं तेच लोक विसरतात. आणि तुला केनियाच्या मेडिकल-डेंटल कौन्सिलचं टेम्पररी लायसन्स लागेल, हे होस्ट हॉस्पिटल करून देतं पण डिग्रीचे कागद आत्ताच पाठव. आपल्याकडे कोणी परदेशी बाई येऊन बिनापरवाना दात काढायला बसली तर आपण चालवून घेऊ का? मग तिथे का चालावं.

औषधांचे खोके उगाच भरभरून नेऊ नका. आम्ही पहिल्या वेळी अकरा जण होतो आणि सहा मोठे खोके, त्यातले दोन नैरोबीला विमानतळावरच अडकले कारण आम्ही औषधांच्या परवानगीचं पत्रच आधी घेतलं नव्हतं, चूक सगळी आमचीच. वर जे पोचलं त्यातल्या काही गोळ्यांची तारीख तीन महिन्यांत संपणार होती, तिथल्या फार्मसीवाल्या मुलाने त्या न बोलता बाजूला काढून ठेवल्या आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आता आम्ही आधी त्यांच्याकडून यादी मागवतो आणि तिथेच विकत घेतो, म्हणजे आपण निघून आल्यावर तीच गोळी त्या पेशंटला तिथे परत मिळते. बीपीचंच बघ ना, एका बाईचं बीपी १९० निघालं, आपण ३० दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि आलो परत, एकतिसाव्या दिवशी ती काय करणार? म्हणून तिथल्या क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये नाव गेल्याशिवाय आम्ही बीपीची गोळी द्यायचीच नाही असं ठरवलं.

ठाण्याहून न्यायचं ते चाळिशीचे चष्मे. मस्जिद बंदरला होलसेलमध्ये मिळतात, एक ते तीन नंबरपर्यंत सगळे घे. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, कितीतरी वर्षं सुईत दोरा ओवता आला नव्हता त्यांना. त्या चष्म्याला ना रिफिल लागत ना फॉलोअप. बाकी झिपच्या पिशव्या वगैरे जांभळी नाक्यावर. आणि एक स्वेटर घे गं, आफ्रिका म्हणून सगळे सुती कपडे भरतात, नैरोबी १७०० मीटरच्या वर आहे आणि ऑगस्टमध्ये पहाटे चांगलंच गार असतं.

भाषेची भीती बाळगू नकोस. स्वाहिलीत चहाला चाय, गाडीला गारी, पैशाला पेसा, विम्याला बिमा, रंगाला रांगी, व्यापाराबरोबर समुद्रावरून गेलेले शब्द आहेत हे. पण मला सगळ्यात आवडला तो पोले. कोणाला दुखलं खुपलं की म्हणतात, पोले साना. आपण नाही का 'अरेरे, बाई गं' म्हणतो, तसं. पहिल्या दिवशी तेवढा एकच शब्द येत होता मला आणि तेवढ्यावर मी दिवसभर काम केलं.

आता तुझा खरा प्रश्न. तिकडे जिगर म्हणून एक प्रकार असतो, वाळूतली पिसू, ती पायाच्या बोटांत शिरून बसते आणि आत फुगते. लोक सुईने किंवा काट्याने उकरतात, मग ते चिघळतं, धनुर्वाताची भीती वेगळीच. माझ्याकडे पाय धुवायचं काम आलं. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, मग हळूहळू साफ करून औषध लावायचं. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात ते मी लहानपणापासून बघत आलेय, पण एका आजोबांचे पाय मांडीवर घेतले, टाचेला नुसती चाळण झालेली, ते माझ्याकडे बघेनात, लाजेने मान वळवून बसले होते, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ज्याचे पाय धुतले जातात त्यालाही किती अवघड जात असेल. आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि दुसऱ्या वर्षी तेच आजोबा परत आले, पाय पुन्हा तसेच.

कारण घरातली जमीन. भुसभुशीत माती, त्यात पिसू वाढते. तिथल्या एका आरोग्यसेविकेने (आपल्या आशाताई असतात ना, तशाच, २०२३ पासून तिथे सरकारने एक लाख अशा सेवक-सेविका नेमल्यात) मला त्यांच्या घरी नेऊन ती जमीन दाखवली, बोट घातलं तर पेराएवढं आत गेलं. माझी आजी दर आठवड्याला घर सारवायची ते आठवलं मला. दहा दिवसांत मी फक्त पाय धुवू शकते, जमीन ती बाई बदलू शकते कारण ती तिथेच राहते. म्हणून आता तिच्या हाताखाली काम करायचं, ती सांगेल ते.

प्रेषक: सोहारचे काका

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एक, अकरा जणांच्या विमानाच्या तिकिटांचे पैसे तिथेच पाठवले असते तर किती घरांच्या जमिनी झाल्या असत्या? दोन, आजारी माणूस गरजू असतो, त्याच्यापुढे औषधाबरोबर धर्म ठेवणं मला पटत नाही. मंडळाच्या लिस्टवर याला प्रोत्साहन द्यावं का, असा प्रश्न पडला.

प्रेषक: चरईची ताई, ठाणे

काका, राग कसला. तिकिटांचं तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. दुसऱ्या वेळी आम्ही अकराचे चारच जण गेलो, ज्यांची तिथे मागणी होती तेवढेच, आणि उरलेल्या पैशातून त्या आरोग्यसेविकेच्या यादीतल्या घरांच्या जमिनी घट्ट करून घेतल्या. आजोबांचं घर त्यात पहिलं. पण खरं सांगते, पहिल्यांदा गेले नसते तर ती जमीन मला दिसलीच नसती.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मी लपवाछपवी न करता देते. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच गेले. सकाळी आम्ही प्रार्थना करून निघायचो. पण टेबलावर कोण आलं, मुसलमान आहे का कुठल्या चर्चचा, हे कधी विचारलं नाही आणि गोळीच्या बदल्यात कोणाला प्रार्थनेला बसवलं नाही. तसं कुठे होत असेल तर मीही तुमच्याच बाजूने उभी राहीन. कोणी स्वतःहून माझ्यासाठी प्रार्थना करा म्हटलं तर केली, त्याच्या हाताला धरून.

तुम्ही मस्कतला माझ्याही आधीचे. १९७० च्या आधी ओमानमध्ये आजारी माणूस कुठे जायचा? मस्कतशेजारच्या मत्रहच्या अमेरिकन मिशनच्या हॉस्पिटलात. आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला हॉस्पिटल काढलं, माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन तिथेच झालं. आणि जामखेडला आरोळे डॉक्टर नवराबायकोने १९७० पासून न शिकलेल्या, दलित, टाकलेल्या बायकांना तयार करून गावोगावचं आरोग्य त्यांच्याच हातात दिलं. दोघंही ख्रिस्ती, दोघंही तिथेच राहिले. दहा दिवसांची ट्रिप त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही हे मला माहितीय, पण मी साठ वर्षांची आहे, मला दहा दिवसच देता येतात, ते तरी नीट द्यावेत एवढीच माझी धडपड आहे.

प्रेषक: सोहारचे काका

ताई, आजोबांच्या जमिनीचं वाचलं. पुढच्या यादीतल्या एका घराचं माझ्याकडून. खात्याचा तपशील वेगळ्या मेलवर पाठवा.

प्रेषक: रुवीची डेंटिस्ट

ताई, रडवलंत. आता हॉस्पिटललाच विचारते त्यांना काय हवंय. एक शंका, तिथे दातांवर तपकिरी डाग खूप दिसतील असं टीममधले म्हणत होते, ते फ्लोराइडचे का? आणि फोटो काढायचे का पेशंटचे?

प्रेषक: चरईची ताई, ठाणे

हो, रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात पाण्यातच फ्लोराइड जास्त, आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडे दिसतात तसेच डाग. तिथल्या लोकांना सांगायचं की ही कीड नाही, तुम्ही दात घासत नाही म्हणूनही नाही, बिचाऱ्या मुली तोंडावर हात ठेवून हसतात. फोटो नको. आपल्या बाळाचा उघडा फोटो कोणी ग्रुपवर टाकलेला चालेल का आपल्याला? तुझी फोर्सेप्स (दात काढायचे चिमटे) त्यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, मावतात का ते आत्ताच विचारून घे, आमच्या वेळी एकच छोटं मशीन होतं आणि दुपारी लाइट जायची, त्यामुळे सेट जास्त लागतात.

जुलैत आलीस की फोन कर. मी रोज संध्याकाळी सहाला तलावपाळीवर फिरायला असते, चष्मे घ्यायला बरोबरच जाऊ, आणि आरोग्यसेविकेसाठी एक पातळ घेऊन ठेवलंय ते तुझ्याबरोबर पाठवायचंय.