‘काउंटर’साठी मराठी शब्द : प्रतिहल्ला, तोड की प्रतिडाव?

प्रश्न :
द्वंद्वाच्या व्हिडिओ गेमवर मी एक मराठी लेख लिहीत आहे. त्यातील गीस हॉवर्ड या पात्राच्या ‘अतेमी नागे’ या डावाला सगळे ‘काउंटर’ म्हणतात. मी ‘प्रतिहल्ला’ असे लिहिले, तर भाचा म्हणाला की हे सीमेवरच्या बातमीसारखे वाटते. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १ :
भाच्याचा कान चांगला आहे; मात्र खरी अडचण लष्करी छटेची नसून क्रमाची आहे. प्रतिहल्ला हा पहिला हल्ला होऊन गेल्यावर केला जातो. गीसचा डाव तसा नाही. ‘फेटल फ्युरी’ (१९९१) या एसएनके कंपनीच्या खेळात हा हाकामा (घेरदार जपानी विजार) नेसलेला खलनायक हात उचलून क्षणभर नुसता उभा राहतो, आणि त्या क्षणात प्रतिस्पर्ध्याची लाथ किंवा ठोसा त्याच्यावर पडला, तर तीच लाथ धरून तो समोरच्याला जमिनीवर आपटतो. वार पडलाच नाही, तर डाव वाया जातो आणि सावरेपर्यंत गीस उघडा पडतो. म्हणजे येथे समोरच्याचा वार हाच डावाचा कच्चा माल आहे.

मूळ जपानी शब्दही गमतीचा आहे. जुजुत्सू आणि जूदोत ‘अतेमी’ म्हणजे अंगावर केलेला आघात, तर ‘नागे’ म्हणजे फेक. तेव्हा ‘अतेमी नागे’ म्हणजे आघात करणाऱ्याची फेक. पुढे जपानी खेळाडूंनी ‘नागे’ गाळले आणि नुसते ‘अतेमी’ हेच अशा सर्व डावांचे नाव झाले, म्हणजे मारण्याचा शब्द मार झेलून उलटवण्यासाठी रूढ झाला. आपण ‘मोबाइल फोन’मधला फोन गाळून ‘फिरता’ एवढ्याच अर्थाचे विशेषण खिशात घेऊन हिंडतो, त्यातलाच हा प्रकार.

माझे मत ‘प्रतिडाव’ला आहे. कुस्तीच्या वर्णनात तो मुरलेला आहे आणि समोरच्याच्या डावावाचून प्रतिडाव संभवत नाही, हे त्यात आपोआप येते.

प्रतिसाद २ :
‘तोड’ का नको? तोही आखाड्यातलाच शब्द आहे आणि अधिक सुटसुटीत आहे.

प्रतिसाद ३ (पहिल्याच प्रतिसादकाकडून) :
तोड शब्द उत्तम आहे, पण तो मी दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवीन. पटाची (पाय धरून पाडण्याच्या डावाची) तोड काढली म्हणजे मल्ल सुटला; समोरचा पडला असे नव्हे. ‘स्ट्रीट फायटर ३’मधील ‘पॅरी’ नेमकी अशी आहे : वार अंगाला भिडण्याच्या क्षणी पुढची दिशा दाबली की तो निष्प्रभ होतो, पण उलट मारणे तुमचे तुम्हालाच करावे लागते. २००४ च्या ‘इव्हो’ स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे पंधरा आघात एकामागून एक असे निष्प्रभ केले आणि त्यानंतर आपल्या केन या पात्राकडून स्वतंत्र मारा करून सामना जिंकला. त्या पंधरा तोडी होत्या. प्रतिडाव एकही नव्हता. अतेमीत धरणे आणि आपटणे एकाच आज्ञेत येते.

वापराविषयी एक सूचना करतो, कारण क्रियापद चुकले तर चांगले नामही लंगडते. ‘काउंटर मारला’च्या धर्तीवर ‘प्रतिडाव मारला’ असे लिहू नये. हा डाव सापळ्यासारखा आधी ‘लावावा’ लागतो आणि मग तो ‘लागतो’ किंवा ‘फुकट जातो’. गीसच्या पुढील आवृत्त्यांत वरच्या, मधल्या आणि खालच्या वारांसाठी वेगवेगळे अतेमी आहेत, म्हणून कोणता लावायचा हे ओळखणे हीच खरी परीक्षा असते : उडी मारून येणाऱ्यासाठी वरचा, पायाशी झाडूसारखी लाथ फिरवणाऱ्यासाठी खालचा. जो खेळाडू उठता उठता हमखास एकच बटण दाबतो, त्याच्यावर हा डाव हटकून लागतो; जवळ येऊन पकड घालणाऱ्यावर मात्र तो चालत नाही, कारण तेथे झेलायला वारच नसतो. म्हणून वाक्य असे होईल : ‘त्याने वरचा प्रतिडाव लावला आणि उडीतली लाथ उलटवली.’

‘काउंटर हिट’ मात्र यात मिसळू नये. समोरच्याचा वार पूर्ण होण्याआधीच आपला वार त्याला लागणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यात झेलणे नाही आणि उलटवणेही नाही. त्याला मी ‘आगाऊ वार’ म्हणेन, जरी ‘आगाऊ’ शब्दाने भाचा पुन्हा हसेल.